किनवटचं पाणी नांदेडला जात नाही

ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरी नांदेड शहरात शिरली. नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. ज्यांचं घर पत्र्याचं आणि कुडाचं, त्यांचं धान्य, भांडी, अंथरूण सगळं गेलं. शहरातले हे गरीब आपलेच भाऊबंद आहेत. त्यातले कितीतरी आपल्याच तालुक्यांतून पोट भरायला गेलेले. त्यांच्या दुःखाबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही.

पण पाणी ओसरलं आणि एक बोलणं वर आलं. तहशिलीत, एसटीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडं तेच. "जंगल तोडलं म्हणून पूर येतो. जंगल कोण तोडतं? हे आदिवासी. आणि सरकार निघालंय यांनाच पट्टे द्यायला!" डिसेंबर २००६ मध्ये वनहक्काचा कायदा झाला तेव्हापासून तर हे बोलणं जास्तच जोरात होतं. कायदा झाला, पण नियम २००८ मध्ये निघाले. नियम निघायच्या आत आपल्याला गुन्हेगार ठरवून टाकायचं, असा तो बेत दिसत होता.

मागच्या महिन्यात एका दाखल्यासाठी कचेरीच्या व्हरांड्यात बसलो होतो. शेजारी एक शिकलेले गृहस्थ होते, नांदेडचे. गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. तर म्हणाले, "तुम्ही तिकडं डोंगर बोडके करता अन् आम्ही इकडं बुडतो." मी म्हटलं, "काका, किनवटचं पाणी कुठं जातं?" ते म्हणाले, "कुठं म्हणजे? नांदेडलाच की!"

ही त्यांची चूक एकट्याची नाही. म्हणून आधी पाण्याचा रस्ता नीट सांगतो.

पाणी कुठून येतं, कुठं जातं

किनवट-माहूरच्या डोंगरांवर पडलेलं पाणी नाल्यांनी पैनगंगेला जातं. पैनगंगा सहस्रकुंडावरून उडी मारून पूर्वेला जाते, पुढं वर्धा नदीला मिळते. वर्धेची वैनगंगेशी गाठ पडून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते ती थेट गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाच्या बाजूला. नांदेड तिथून कितीतरी वर, मागं राहिलं. आपल्या डोंगराचं पाणी नांदेडच्या घाटाला कधी लागतच नाही. आपण सगळं जंगल उद्या कापून काढलं तरी त्याच्यानं नांदेड बुडणार नाही, आणि सगळ्या डोंगरांवर साग उभा केला तरी नांदेड वाचणार नाही.

नांदेडला पाणी येतं नाशिक, नगर, औरंगाबादेकडून. बीडकडून सिंदफणा येते, जालना-परभणीकडून दुधना आणि पूर्णा येतात. ऑगस्ट २००६ मध्ये वर नाशिककडं जोराचा पाऊस झाला, धरणं भरली, ते पाणी जायकवाडीत आलं. जायकवाडी भरलं, दरवाजे उघडले. पाणी आधी पैठणात शिरलं, मग गंगाकाठची गावं घेत घेत नांदेडात आलं. जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत. त्यातल्या एकाचीही किल्ली किनवटच्या आंध, गोंड किंवा कोलामाच्या हातात नाही.

खरं ते खरं म्हणू

आता कुणी म्हणेल, म्हणजे जंगलाचा आणि पुराचा संबंधच नाही का? आहे. आपण तो नाकारणार नाही. उलट तो आपल्याइतका कुणाला ठाऊक नाही.

झाडीत पाऊस पडतो तेव्हा थेंब आधी पानावर आपटतो, मग खालच्या झुडपावर, मग गवतावर, मग पाचोळ्यावर. मातीपर्यंत येईस्तोवर त्याचा जोर गेलेला असतो. पाचोळ्याखालची माती भुसभुशीत असते, किडा-मुंगीनं आणि मुळांनी पोखरलेली. पाणी तिच्यात मुरतं आणि सावकाश नाल्याला येतं. म्हणून झाडीतला नाला पावसाचं पाणी लगेच ओतून मोकळा होत नाही, दिवाळीनंतरही झुळझुळत राहतो.

बोडक्या जमिनीवर तोच थेंब गोळीसारखा बसतो. माती फुटते, तिचा बारीक गाळ भोकांत बसतो आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, पळतं. उतारावर पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती कापायची ताकद चौपट होते. आधी ओघळ पडते, दोन पावसाळ्यांत तिची घळ होते, आणि पाच-सात वर्षांत बैल घालता येत नाही. खाली गेलेला गाळ नाल्यात बसतो, नाला उथळ होतो, पुढच्या वर्षी तेवढ्याच पावसाला पाणी काठावरून शेतात येतं. पावसाळ्यात पूर आणि माघात टँकर ही एकाच आईची दोन पोरं आहेत. जे पाणी मुरलं असतं तेच पळून गेलं.

पण यालाही हद्द आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी कुठलंही जंगल पिऊ शकत नाही. महापूर जंगलानं थांबत नाही, थोडा मंदावतो. लहान नाल्याचा पूर, शेत खरडून नेणारा पूर, विहीर आटवणारा पूर, हा मात्र जंगलानं नक्की थांबतो. म्हणून आपल्या सभेत कुणी "जंगल असतं तर नांदेड बुडालंच नसतं" असं म्हणत असेल तर त्यालाही थांबवा. खोटं बोलून मिळालेली टाळी आपल्याला नको. समोरचे खोटं बोलतात म्हणून आपण त्यांना धरतो, मग आपलं बोलणं चोख पाहिजे.

लातूरला कोणी तोडलं?

आता आपण प्रश्न विचारू. आदिवासी अतिक्रमण करतो म्हणून माती जाते, असं म्हणता ना? मग लातूर बघा.

लातूर जिल्ह्यात शंभरात एक टक्काही जंगल नाही. सगळ्या महाराष्ट्रात जंगल कमी असलेले जिल्हे मोजले तर लातूर अगदी तळाला. तिथं वनजमिनीवरचे आदिवासी प्लॉटधारक किती? बोटावर मोजावे इतके. अहमदपूर, जळकोट, उदगीर, इकडं आपल्या जिल्ह्यातलं मुखेड आणि कंधार, ही बालाघाटाची कड. तिथले माळ बघा. मुरूम वर आलेला, मधे मधे नुसता खडक, गवताची काडी नाही. ही जमीन काय किनवटच्या कोलामानं जाऊन खरडली?

ती माती गेली कुठं, याचाही हिशोब आहे, आणि तो सरकारी हिशोब आहे. बालाघाटातून निघालेली मांजरा बीड, लातूर, बीदर, मेदक असं करत निजामसागरात जाते. निजामानं हे धरण १९३१ साली पुरं केलं. तेव्हा त्यात जवळपास ३० टीएमसी पाणी मावत होतं. चाळीसेक वर्षांनी, सत्तरच्या दशकात, मोजलं तर १२ टीएमसीच्या आसपास मावत होतं. १८ टीएमसीची जागा गाळानं खाल्ली.

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. आपल्याला ब्रास कळतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ट्रॅक्टरची साधारण एक ट्रॉली. १८ टीएमसी म्हणजे १८ कोटी ट्रॉल्या गाळ. तो सगळा एकट्या लातूरचा नाही, बीडचा, बीदरचा, मेदकचाही आहे. पण वाटा लहान नाही. तिच्या खालचं पोचंपाड, म्हणजे श्रीरामसागर, ११२ टीएमसीचं बांधलं, आणि १९९४ च्या मोजणीत ते ९० वर आलं होतं. आमची काळी माती तिकडं धरणाच्या बुडाशी जाऊन बसली आहे. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती विकत मिळत नाही, आणि कुठल्याही पॅकेजात येत नाही.

आणि ज्या किनवट-माहूरला तुम्ही बदनाम करता, तिथं काय दिसतं? नांदेड जिल्ह्यात आज जे काही खरं जंगल उरलंय ते मुख्यत्वे याच पट्ट्यात. जिथं आदिवासी आहे तिथं जंगल आहे. जिथं आदिवासी नाही, तिथं जंगल शंभर वर्षांपूर्वीच संपलं आणि कुणावर गुन्हा दाखल झाला नाही.

कुऱ्हाड कुणाच्या हातात, पैसा कुणाच्या खिशात

किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या जंगल खात्यानं रेषा मारल्या, आपल्या बापजाद्यांची शेतं रेषेच्या आत घेतली आणि त्यांना रातोरात चोर केलं. त्याच आदिलाबादेत कोमराम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोळीला छाती देऊन गेला. जल, जंगल, जमीन हे शब्द आपल्याला तिथून मिळालेत. राज्य बदललं, रेषा तीच राहिली.

मग कूप पडू लागले. सागाची हर्राशी होऊ लागली. ठेकेदार आला, ट्रक आले, मुदखेडहून किनवटवरून आदिलाबादला जाणारी रेल्वे होतीच. कुऱ्हाड आपल्या हातात होती, हे खरं आहे. कोण नाकारतो? रोजानं गेलो, झाड पाडलं, साल काढली, ट्रकवर चढवलं. लाकडाचा पैसा कुणाकडं गेला ते मोठ्या गावांतले वाडे सांगतील. आपल्या घराला मात्र आजही कूड आहे.

१९७४ साली वनविकास महामंडळ निघालं. धोरण काय, तर मिसळ जंगल साफ करायचं आणि रांगेत साग लावायचा. मोहा, तेंदू, चार, बिब्बा, धावडा हे त्यांच्या वहीत 'हलकं लाकूड'. सागाच्या खाली गवत कमी, पानं मोठी. पानावर पाणी साचतं आणि जाड थेंब होऊन उंचावरून खाली आपटतं. उन्हाळ्यात पाचोळा पेटला की खाली जमीन उघडी. वरून बघणाऱ्याला हिरवं दिसतं, खाली माती चालली असते. असं झाड मोजायचं आणि त्याला जंगल म्हणायचं, हा कागदाचा खेळ आहे.

आणि माती गेली तेव्हा आपला हिशोब कुणी मांडला? आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचं नाल्याकडचं रान गेल्या पावसाळ्यात खरडून गेलं. अर्ध्या रानात नुसता गोटा राहिला. पंचनाम्याला साहेब आले, वरच्या अंगाच्या सातबारावाल्याचं नुकसान लिहून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, माझं बी लिव्ह की." साहेब म्हणाले, "मावशी, तुझी जमीन कागदावर नाहीच, तर गेली कशी?" चाळीस वर्षं कसलेली जमीन. दंडाच्या पावत्या तिच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. दंड घ्यायला जमीन आहे, नुकसान लिहायला जमीन नाही!

आता आपल्याच घरातलं

इथपर्यंत वाचताना बरं वाटलं असेल. आता पुढचं वाचा, हे आपल्याला आहे.

काही प्लॉट असे आहेत की उतार उभा आहे आणि तिथं वरून खाली नांगर चालतो. तासात पाणी पळतं. आपणच पाण्याला रस्ता करून देतो. मोहाच्या दिवसांत झाडाखाली आग लावतो, ती डोंगरभर जाते आणि पहिल्या पावसाला डोंगर उघडा असतो. नाल्याच्या काठची झाडं काढून दोन तास जास्त पेरतो, आणि पुरात चार तास जातात. हे फॉरेस्टवाल्यांनी सांगितलं असतं तर आपण चिडलो असतो. म्हणून संघटनाच सांगते.

दुसरं त्याहून वाईट. कायदा झाल्यापासून काही दलाल फिरतायत. "आता तोडा, लवकर तोडा, पट्टा मिळतो," असं सांगतायत. काही ठिकाणी मोठे शेतकरी आपल्या माणसाच्या नावावर झाडी साफ करून घेतायत. हे साफ खोटं आहे. कायद्यात तारीख आहे, १३ डिसेंबर २००५. त्या आधीपासून जो कसतो त्याचाच दावा. त्यानंतर तोडलेल्याला काही मिळणार नाही, पण आपल्या सगळ्यांच्या दाव्यांना डाग लागेल. एका माणसाच्या नव्या तोडीचा फोटो पेपरात येईल आणि हजार खऱ्या दावेदारांच्या तोंडावर फेकला जाईल. पट्टा मिळाला तरी तो विकता येत नाही, मुलाबाळांकडंच जातो. म्हणजे दलालाला दिलेले पैसे बुडाले म्हणून समजा.

पट्टा एकट्याचा, माती सगळ्यांची

साथींनो, या लेखाचं सगळं म्हणणं आता सांगतो.

गावोगाव एकच विचारणा होते, "माझा प्लॉट किती एकर लागंल?" बरोबर आहे, पोटाचा प्रश्न आहे. कायदा जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत प्रत्यक्ष कसणुकीचा हक्क देतो. तो आपण घेणारच. पण त्याच कायद्यात दुसरा हक्क आहे, त्याबद्दल कुणी विचारत नाही. गावाच्या परंपरेच्या हद्दीतलं सगळं जंगल राखायचा, वाढवायचा आणि सांभाळायचा हक्क गावाला आहे. कलम ५ तर ग्रामसभेला अधिकारच देतं की पाणलोट, पाण्याचे झरे आणि नाजूक जागा नीट राखल्या जातील हे बघा. आजवर जे काम फक्त फॉरेस्ट खात्याचं म्हणून सांगितलं गेलं, ते आता ग्रामसभेचं आहे.

नुसते प्लॉट घेतले आणि वरचा डोंगर खात्याकडं, ठेकेदाराकडं, कूपवाल्याकडं सोडला, तर काय होईल? वर तोड होईल, पाणी पळेल, आणि खाली आपला पट्टा कागदावर राहील, जमिनीवर गोटे राहतील. सातबारा हातात आणि माती पैनगंगेत. लातूरच्या शेतकऱ्याकडं सातबारा नव्हता का? होता. पक्का होता. सातबाऱ्यानं माती धरून ठेवली नाही. माती धरते वरचा डोंगर आणि गावाची शिस्त.

हे जमतं का? गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून ते आपलं जंगल स्वतः राखतंय. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. तिथं निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या संमतीनं होतो, कुणा पुढाऱ्याच्या ओसरीवर नाही. जे त्यांना जमलं ते इस्लापूर, मांडवी, बोधडीच्या गावांना का जमू नये?

पावसाळ्याआधी करायची कामं

१) ग्रामसभा बोलवा. प्लॉटच्या यादीबरोबर गावाच्या जंगलाची हद्द ठरवा. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्या, नाले, टेकड्या, देवाच्या जागा, मोहाची झाडं चालत जाऊन बघा आणि लिहून ठेवा. दावा तयार पाहिजे.

२) नवी तोड बंद. कुणी केली तर गावानंच थांबवायची. संघटना त्याच्या बाजूनं उभी राहणार नाही.

३) उताराला आडवं नांगरा, आडवं पेरा. रानातला दगड गोळा करून आडवे बांध घाला. नाल्याच्या दोन्ही काठांना पट्टी सोडा, तिथं गवत आणि झाड राहू द्या.

४) रोजगार हमीचं काम मागा. फेब्रुवारी २००६ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा सुरू झाला, त्याच्या पहिल्याच यादीत नांदेड जिल्हा होता. समतल चर, दगडी बांध, नाला बांध ही कामं गटानं अर्ज लिहून मागा आणि पोच घ्या. "प्लॉटवर काम करता येत नाही" असं कुणी सांगितलं तर ते लेखी द्या म्हणा.

५) माती गेली तर स्वतः पंचनामा करा. पाच जणांच्या सह्या-अंगठे, तारीख, किती रान, किती खोल. साहेब लिहीत नसेल तर गाव लिहील. दाव्यालाही तोच पुरावा कामाला येईल.

६) लातूर, मुखेड, कंधारकडं गायरानासाठी लढणारे जे भूमिहीन साथी आहेत त्यांना हे बुलेटिन पोचवा. त्यांच्याकडं जंगल नाही, माळ आहे. तो माळ गावानं राखला आणि कसला तर तिथंही गवत येतं, झाड येतं. त्यांची लढाई आणि आपली एकच आहे.

शेवटी त्या व्हरांड्यातल्या काकांबद्दल. पाण्याचा सगळा रस्ता मी त्यांना सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग आम्हाला बुडवलं कुणी?" मी म्हटलं, "हा प्रश्न तुम्ही धरणाचे दरवाजे उघडणाऱ्यांना विचारा, नदीच्या पात्रात घरं बांधू देणाऱ्यांना विचारा. आम्ही तुमच्याबरोबर येतो विचारायला. पण आमच्या डोंगराकडं बोट दाखवू नका."

पाऊस दीड महिन्यावर आलाय. ग्रामसभेची तारीख ठरवून कळवा.

जल, जंगल, जमीन आमची! राखणारही आम्हीच!